गोदामात पाणी शिरलं, देणं कोणाच्या अंगावर?

वाचकाचं पत्र

"आम्ही दोघे भाऊ भाड्याच्या जागेत पुठ्ठ्याची खोकी बनवतो. मागच्या भागात गोदाम आहे. तिथे एका कापड व्यापाऱ्याच्या गाठी भाडं घेऊन ठेवतो. नदीला पूर आला आणि एका रात्रीत आत कमरेइतकं पाणी चढलं. इशारा संध्याकाळीच मिळाला होता. आम्ही आधी आमचे कागदाचे रोल माळ्यावर चढवले. गाठींना हात घालेपर्यंत वीज गेली आणि पाणी आत आलं. अर्ध्याहून जास्त गाठी भिजल्या. मुख्य यंत्र बंद पडलं, ते दीड महिन्याने सुरू झालं.

आता तीन बाजूंनी तगादा आहे. व्यापारी गाठींची पूर्ण किंमत मागतोय. ज्या कारखान्याला खोकी पुरवतो त्याने उशिराचा दंड लावलाय, करार रद्द केलाय आणि आगाऊ रक्कमही परत मागितलीय. करारात नैसर्गिक आपत्तीची अट आहे, त्यात पुराचं नाव आहे, पण सात दिवसांत लेखी कळवावं असंही तिथेच म्हटलंय. आम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला, बुडालेल्या यंत्राचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. पत्र पाठवलं नाही. जागामालक बंद काळाचं भाडं मागतोय. दादा म्हणतो, ही दैवी आपत्ती आहे, आपण कोणाला काहीच लागत नाही, आगाऊ रक्कमही द्यायची नाही. मला हे पटत नाही, पण कायदा कळत नाही. दादाचं बरोबर आहे का?"

उत्तर

तुमच्या दादांचं एका ठिकाणी बरोबर असू शकतं. बाकी ठिकाणी नाही. आगाऊ रकमेबाबत तर त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच विरोधात जातो. पूर एकच आला, पण तुमची तीन माणसांशी तीन वेगळी नाती आहेत आणि प्रत्येक नात्याला कायद्याचा वेगळा नियम लागतो. "दैवी आपत्ती" म्हटलं की तिन्ही हिशेब एकदम मिटतात, ही समजूत आधी सोडायला हवी. या समजुतीपायी माणसं गप्प बसतात, पत्रांना उत्तर देत नाहीत आणि जिंकता आली असती अशी बाजूही हातची घालवतात. ते तुमच्या बाबतीत होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात अवघड प्रश्न गाठींचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

दुसऱ्याचा माल तुम्ही सांभाळायला घेतलात, की भारतीय करार कायद्याचं (१८७२) कलम १५१ लागू होतं. तशाच प्रतीचा, तेवढ्याच आकाराचा आणि किमतीचा माल स्वतःचा असता, तर सामान्य शहाणपणाच्या माणसाने त्या परिस्थितीत त्याची जेवढी काळजी घेतली असती, तेवढी तुम्ही घ्यायची. कलम १५२ सांगतं, की एवढी काळजी घेतली असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर माल नष्ट झाला तरी भरपाई द्यावी लागत नाही. थोडक्यात, कायदा तुमच्याकडून पुराशी झुंज मागत नाही, पण काळजी मागतो. आणि ती घेतली होती हे दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो, कारण माल तुमच्या ताब्यात होता आणि त्या रात्री आत काय घडलं ते तुम्हालाच माहीत आहे.

आता तुमच्याच पत्रातलं वाक्य बघा. "आम्ही आधी आमचे कागदाचे रोल माळ्यावर चढवले." व्यापाऱ्याचा वकील याच वाक्यावर बोट ठेवील. स्वतःच्या मालाइतकी काळजी घ्या असं कायदा म्हणतो, आणि इशारा आल्यावर स्वतःचा माल आधी उचलला गेला. याचा अर्थ तुम्ही हरलातच असं नाही. रोल माळ्याच्या जिन्यापाशी होते का? गाठी उचलायला जास्त माणसं किंवा यंत्राची गरज होती का? इशारा आणि पाणी यांच्यात प्रत्यक्षात किती वेळ मिळाला? गाठी आधीपासून जमिनीवर होत्या की फळ्यांवर? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं तुमच्या बाजूची निघाली, तर रोल आधी उचलण्यामागेही सांगण्यासारखं कारण असू शकतं. पण "आमचा माल महाग होता म्हणून" एवढंच कारण असेल, तर ते टिकणार नाही. घडलं ते आजच, आठवण ताजी आहे तोवर, तारीख-वेळेसह लिहून काढा. त्या संध्याकाळी कामावर असलेल्या माणसांकडूनही लिहून घ्या. सोयीचं तेवढं लिहू नका. उलटतपासणीत खरं सांगणाऱ्याचीच बाजू टिकते.

दुसरा मुद्दा आधीच्या पुरांचा. त्या भागात पूर्वी पाणी आलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. न्यायालय ते नक्की विचारील. माणसाची काही चूक नाही आणि कोणी शहाणा माणूस ज्याची अपेक्षाही करू शकला नसता अशी नैसर्गिक शक्ती आड आली, तेव्हाच दैवी आपत्तीचा बचाव चालतो. या बाबतीत दोन जुने ब्रिटिश निकाल शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. निकोल्स विरुद्ध मार्सलँड (१८७६) खटल्यात जमिनीच्या मालकिणीने प्रवाह अडवून शोभेची तळी केली होती. आठवणीत नव्हता इतका पाऊस झाला, बांध फुटले आणि पाण्याच्या लोंढ्याने पूल वाहून गेले. बांधणीत आणि देखभालीत चूक नव्हती, म्हणून ती सुटली. त्यानंतर १९१७ सालचा ग्रीनॉक कॉर्पोरेशनचा खटला. नगरपालिकेने मुलांना खेळायला उथळ हौद करण्यासाठी ओढ्याचं पात्र बदललं. असाधारण पाऊस झाला आणि पूर्वी ओढ्यातून निमूट गेलं असतं ते पाणी रस्त्यावरून रेल्वेच्या मालमत्तेत शिरलं. पाऊस मोठाच होता, तरीही नगरपालिका जबाबदार ठरली, कारण निसर्गाची वाट बदलणाऱ्याने निसर्गाचा जोर गृहीत धरायला हवा. आपल्याकडे कल्लूलाल विरुद्ध हेमचंद (मध्य प्रदेश उच्च न्यायालय, १९५८) खटल्यात भिंत कोसळून दोन मुलं दगावली. बचाव पावसाचा होता. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस पडला होता. पावसाळ्यात एवढा पाऊस अनपेक्षित नाही, असं म्हणून न्यायालयाने तो बचाव फेटाळला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. पाऊस पडणारच आहे, तर भिंत आधी तपासायची होती, एवढीच साधी अपेक्षा त्यात आहे.

म्हणून नदीकाठच्या जागेत दर काही वर्षांनी पाणी अंगणापर्यंत येत असेल, तर "पूर अनपेक्षित होता" हे वाक्य लंगडं पडतं. यंदाची पातळी पूर्वीच्या सगळ्या नोंदींच्या वर गेली असेल, तर त्याच वाक्यात बळ येतं. हे बोलण्याने सिद्ध होत नाही. हवामान विभागाच्या पर्जन्यनोंदी, पाटबंधारे खात्याची नदीपातळीची आकडेवारी, महसूल खात्याचा पंचनामा आणि इशारा कधी प्रसृत झाला याची वेळ, हे सगळं कागदावर मिळवा. इशाऱ्याची वेळ तुमच्या बाजूने जाईल की विरोधात, हे बघण्याआधीच मिळवा.

व्यापाऱ्याशी मात्र आजच बोला. त्याला येऊन गाठी पाहू द्या, दोघांनी मिळून पंचनामा करा, कोणत्या गाठी सुकवून विकता येतील ते ठरवा. भिजलेलं कापड जितके दिवस पडून राहील तितकी त्याची किंमत उतरते, आणि ती उतरू देण्याचा दोष पुरावर टाकता येणार नाही. त्याने मालाचा विमा उतरवला आहे का, तेही विचारा. उतरवला असेल तर विमा कंपनी त्याला पैसे देईल, पण पुढे त्याच्या जागी उभी राहून तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. तेव्हा "त्याला विमा मिळाला, आपण सुटलो" असं समजू नका. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत पुराचं संरक्षण आहे का आणि तुमच्या ताब्यात असलेल्या इतरांच्या मालाचा त्यात उल्लेख आहे का, हे दोन्ही वाचून घ्या. दावा अजून नोंदवला नसेल तर आज नोंदवा, आणि सर्वेअर येऊन जाईपर्यंत भिजलेली एकही वस्तू फेकू नका.

आता कारखाना. दादांच्या म्हणण्यात तथ्य सापडलं तर ते इथे सापडेल.

इथे दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. करारातच आपत्तीची अट असेल, तर आधी ती अट बोलते. ती करार कायद्याच्या कलम ३२ च्या, म्हणजे एखादी घटना घडण्यावर अवलंबून असलेल्या करारांच्या कलमाच्या, चौकटीत वाचली जाते. अट नसेल तेव्हा कलम ५६ कडे जायचं, ज्यानुसार करार झाल्यानंतर काम अशक्य झालं तर करार शून्य, म्हणजे रद्दबातल, ठरतो. सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर (१९५४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी स्पष्ट केली. अशक्य म्हणजे शब्दशः अशक्यच नव्हे, ज्या पायावर दोघांनी करार केला तो पायाच उखडला गेला तरी पुरे, असंही त्यात सांगितलं. मात्र नुसतं महाग पडणं म्हणजे अशक्य होणं नाही. लष्कराला तूप पुरवण्याच्या करारावरून आलेल्या अलोपी प्रसाद खटल्यात (१९६०) युद्धामुळे खर्च वाढल्याचं कारण चाललं नाही. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात इंडोनेशियातल्या कायदेबदलामुळे कोळसा महागल्याचं कारणही चाललं नाही.

तुमचं यंत्र दीड महिन्याने सुरू झालं, रोल कोरडे होते, म्हणजे काम कायमचं अशक्य झालं नाही, लांबलं. त्यामुळे कलम ५६ ची वाट तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. तुमचा आधार करारातली अट हाच आहे, आणि पुराचं नाव तिच्यात आहे ही जमेची बाजू. ती अट आता शब्द न् शब्द वाचा. आपत्तीच्या काळापुरती मुदत वाढते असं म्हटलंय का? आपत्ती अमुक दिवसांहून जास्त लांबली तर समोरचा करार संपवू शकतो, असं आहे का? असेल तर ते दिवस किती? कारखान्याचं रद्द करणं योग्य की अयोग्य, हे या उत्तरावर ठरेल. खोकी तुमच्याच यंत्रावर बनलेली हवीत असं करारात आहे का, हेही बघा. तसं नसेल तर ते विचारतील, दुसऱ्या उत्पादकाकडून घेऊन का दिली नाहीत? तुम्ही तसा प्रयत्न केला असेल, कोणाकडे दर मागितले असतील, तर ते संदेश जपून ठेवा. केला नसेल तर ही तुमची कच्ची बाजू आहे, आणि तुमच्या वकिलाला ती आधीच माहीत असायला हवी.

लेखी सूचनेबद्दल तुम्हाला वाटते तेवढी काळजी करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (२०००) कलम ४ नुसार, जिथे कायद्याने लेखी मजकूर हवा असतो तिथे इलेक्ट्रॉनिक नोंदही चालते. करारातल्या "लेखी" या शब्दाचाही तसाच अर्थ लावावा, असं तुमचा वकील म्हणू शकेल. तुमचे फोटो दुसऱ्याच दिवशी गेले आहेत, सात दिवसांच्या आत. त्यांच्यासोबत चार ओळी होत्या का? "यंत्र पाण्यात गेलं आहे, पुरवठा थांबेल" असं काही? समोरून उत्तर आलं होतं का? असं असेल तर सूचना दिली हे म्हणणं मांडता येतं. अडचण दोन ठिकाणी येऊ शकते. सूचना रजिस्टर पोस्टाने किंवा ठरावीक ईमेलवरच द्यावी असं करारात असेल तर, किंवा सूचना न दिल्यास सवलत मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर. दुसऱ्या परिस्थितीत न्यायालयं कडक होतात, कारण समोरच्याला वेळेत कळलं तर तो पर्याय शोधू शकतो, आणि सूचनेचा खरा हेतू तोच असतो. कसंही असो, आज एक पत्र पाठवा. पूर कधी आला, यंत्र कधी बंद पडलं, कधी फोन केला, फोटो कधी पाठवले, यंत्र कधी सुरू झालं आणि उरलेला माल कधी देऊ शकता, एवढंच सरळ लिहा. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. न्यायालयात अशा नोंदीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या (२०२३) कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन जवळ असला की ते सोपं जातं.

दंडाचं म्हणाल, तर करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देय होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तिथे ते सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात (२०१५) म्हटलं आहे. कलम ७३ नुसार कारखान्यालाही हात बांधून बसता येत नाही. बाजारातून खोकी घेऊन नुकसान आवरता येत होतं का, हे पाहिलं जातं. त्यांनी दुसरीकडून खोकी घेतली असतील तर दरातला फरक किती पडला, त्याची बिलं मागा. त्या फरकावर बोलणी होऊ शकतात.

आता आगाऊ रकमेबद्दल, आणि हे दादांना वाचून दाखवा. ते म्हणतात, पुराने करार संपला, म्हणून पैसे परत नाहीत. पण करार पुराने खरंच शून्य झाला असेल, तर कलम ६५ सांगतं की त्या कराराखाली मिळालेला लाभ परत करावा लागतो. जो युक्तिवाद तुम्हाला नुकसानभरपाईपासून वाचवतो, तोच आगाऊ रक्कम परत करायला लावतो. एक हातात ठेवून दुसरा टाकता येत नाही. याउलट करार जिवंत आहे आणि अटीमुळे मुदत वाढली आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर आगाऊ रक्कम पुढच्या पुरवठ्यात वळती करता येते. मला स्वतःला ही दुसरी भूमिका तुमच्यासाठी जास्त खरी आणि जास्त फायद्याची वाटते. तुम्ही काम करायला तयार आहात, यंत्र चालू आहे, कागद जवळ आहे. कारखान्याला हे पत्रातून दिसलं तर करार पुन्हा उभा राहण्याची शक्यता आहे. "दैवी आपत्ती, काही देणं नाही" एवढंच दिसलं, तर ते नोटीस पाठवतील.

जागामालकाबद्दल थोडक्यात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर यांचा उल्लेख आहे, पण जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा मोठ्या प्रमाणात आणि कायमचा निरुपयोगी झाला, तरच भाडेकरूला भाडेकरार संपवण्याचा पर्याय मिळतो. पाणी ओसरलं, तुम्ही पुन्हा आत आहात, त्यामुळे ते लागू होत नाही. करार कायद्याचं कलम ५६ भाडेपट्ट्याला लागू नाही, हे राजा ध्रुव देव चंद खटल्यात (१९६८) ठरलेलं आहे. म्हणजे भाडेकरारात वेगळी सवलत लिहिलेली नसेल, तर भाडं द्यायचं आहे. मुदत आणि हप्ते मागा. बहुतेक मालक त्याला तयार होतात, चालू भाडेकरू गमावणं त्यांनाही परवडत नाही.

एक इशारा, कारण पुरानंतर हे हमखास होतं. दुसरं एखादं ओलं यंत्र किंवा वायरिंग तपासल्याशिवाय सुरू केलं आणि त्यातून आग लागली, तर ती आग पुराच्या खात्यात धरली जाईल असं मानू नका. २०२२ मध्ये मॅकडॉवेल कंपनीच्या प्रकरणात गोदामात लागलेल्या आगीबद्दल सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की बाहेरून कोणतीही नैसर्गिक शक्ती आलेली नसताना अशा आगीला दैवी आपत्ती म्हणता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी दाखला घ्या आणि मगच बटण दाबा.

वकिलाकडे जाताना तिन्ही करार, पॉलिसी, भाडेपावत्या, गाठी ठेवून घेतल्याच्या पावत्या, पंचनामा, दुरुस्तीची बिलं आणि चॅटच्या प्रती न्या. गाठींच्या पावतीची मागची बाजू आवर्जून बघा. "माल मालकाच्या जोखमीवर" असं तिथे छापलेलं असतं. व्यापाऱ्याची त्यावर सही आहे का ते पाहा. सही असली तरी निष्काळजीपणा झाकायला ते वाक्य पुरेल, असं गृहीत धरून जाऊ नका. आणि दादांना सोबत घेऊन जा. तीन ठिकाणी तीन वेगवेगळी उत्तरं द्यायची आहेत, ती दोघांच्या तोंडून एकच यायला हवीत.